खिंडीपलीकडचं मशीन

शिलाई मशीन दुरुस्त करते म्हणून खोऱ्यात सगळे तिला मशीनवाली म्हणत. काम ती वडिलांच्या हाताखाली शिकली. त्यांचे गुडघे गेले, तेव्हा दुरुस्तीसाठीची त्यांची डोंगरातली वार्षिक फेरी आता बंद, असं थोरल्या भावाने परस्पर ठरवून टाकलं.

"खिंडीपलीकडचे लोक वेगळे. त्यांची भाषा तुला कळत नाही."

"मशीन बिघडलंय हे कळायला भाषा कशाला लागते?" म्हणत तिने हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवली.

चार दिवस ती चालली. एका वस्तीत पाहुण्याला आधी बसवत, मग नाव विचारत. दुसरीत लोक बोलण्याआधी इतके गप्प राहत, की आपलंच काही चुकलं असं तिला वाटे. सगळ्यात वरच्या गावात पुरुष शिवत आणि बायका घरं बांधत. तिथल्या एकुलत्या एक मशीनवर म्हाताऱ्या शिंप्याने हात आडवा धरला. दोन्ही भाषा येणारी एक गवंडीण मधे पडली.

"बाईने हात लावायचा नाही म्हणतोय. घरी भाऊ असेल तर त्याला पाठव."

"भावाला सुईत दोरा ओवता येत नाही, सांग त्याला."

गवंडीण आधी पोटभर हसली, मग तिने त्याला सांगितलं. शिंप्याने धाडकन दार लावलं. मशीनवाली पायरीवर ठाण मांडून बसली. रात्री गवंडिणीकडे झोपली, सकाळी पुन्हा हजर. आत सुया तुटल्याचा आवाज येत होता. तिसरी तुटली आणि दार उघडलं.

"आता हे उघडंच राहील," ती म्हणाली. "ज्यांना बघायचंय त्या बघतील."

दारात बायकांची ही गर्दी! तिने शटलमध्ये अडकलेला दोऱ्यांचा गुंता काढला, तेल दिलं, पट्टा ताणला. मग शिंप्याऐवजी गवंडिणीलाच स्टुलावर बसवलं. शिवण वाकडीतिकडी गेली. शिंपी कपाळ बडवून ओरडू लागला.

"गाव बुडालं म्हणतोय," गवंडीण म्हणाली. "इतकी वर्षं आमच्याच भिंतींआड झोपतोय, तेव्हा नाही बुडालं!"

ती निघाली तेव्हा शिंपी वेशीपर्यंत आला, तो पुन्हा येऊ नकोस हे बजावायला.

"पुढच्या वर्षी, याच महिन्यात," तिने गवंडिणीकरवी कळवलं.

अकरा वर्षं ती जात राहिली. शिंपी दरवर्षी कुरकुरला. दरवर्षी त्यानेच तिच्यासाठी चहा टाकला.