ओले बूट

दूध डेअरीत बाटल्या धुणाऱ्या बायकांमध्ये तिला ‘चकचक मावशी’ म्हणत. ती धुऊन गेली की फरशीत तोंड बघावं. आणि अशा बाईला मुकादम सगळ्यांदेखत म्हणाला, “मावशी, पाय स्वच्छ ठेवत जा की जरा! पुढल्या एक तारखेपासून आत नको, बाहेर अंगण झाडा.”

का, तर बूट-मोजे काढताना त्याला तिच्या अंगठ्याचं नख दिसलं. पिवळं, जाड, कडेनं भुगा सुटणारं. अंगण झाडायला गेलेल्या बाईचं पुढे काय होतं, ते सगळ्यांना ठाऊक होतं. चार आठवडे झाडू, मग घरी. मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

घरी धाकट्या जावेनं ऐकून घेतलं आणि वर सल्ला दिला. “ताई, पाय जरा चोळून धूत जा हो.”

“मी? मी चोळून धुवू? तुझा ओटा आधी पुसायला शीक, मग माझ्या पायाकडे बघ!”

पण रात्री मोरीत बसून तिनं चोळलंच. लिंबू लावलं, ब्लेडनं खरवडलं, त्याच ब्लेडनं शेजारची चांगली नखंही कातरली. आठवड्यात अंगठ्याशेजारचं बोट रक्ताळलं. मग मात्र ती दवाखान्यात गेली.

डॉक्टरीणबाईंनी नखाचा तुकडा कापून डबीत घातला.

“हे कशाला? मलम द्या की.”

“आधी तपासू. पिवळं दिसलं म्हणजे बुरशीच असं नाही. मार लागूनही नख असं होतं, कातडीच्या दुसऱ्या दुखण्यातही होतं.”

अहवाल आला. बुरशीच निघाली. नख जाड, मलम आतवर पोचत नाही, म्हणून गोळ्या. त्याआधी यकृतासाठी रक्ततपासणी. “गोळ्या तीनेक महिने. पण चांगलं नख सावकाश वर येतं, वर्ष जाईल. धीर सोडायचा नाही. आणि नेलकटर तुमचा वेगळा.”

मावशीनं मान खाली घातली. “घाणीमुळेच झालं ना, बाई?”

“कोण म्हणालं? बुरशीला ओल लागते आणि ऊब. दिवसभर पाय कशात असतात तुमचे?”

“बुटात. रबरी.”

“कोरडे असतात?”

कुठले कोरडे! दोन पाळ्यांतल्या दोघींना मिळून बुटांचा एकच जोड. पाळी सुटली की पाइप धरून बूट आतूनही धुवायचे, मग पुढची बाई त्यात पाय घालणार. आतून धुण्याची पद्धत तिनंच पाडली होती, स्वच्छतेपायी. पण वाळायला वेळ कधी देणार? दुसरा जोड मागितला की मुकादमाचं ठरलेलं उत्तर, “आहेत ना बूट? मग?” स्वतः मात्र कोरड्या चपला घालून फिरायचा. चोर सोडून संन्याशाला फाशी!

एक तारखेला तिनं झाडू घेतलाच नाही. बूट उचलून मुकादमासमोर उलटा केला. भळकन पाणी सांडलं.

“घाला पाय ह्यात.”

“मावशी, हा काय तमाशा?”

“घाला ना! आठ तास घालून दाखवा. मग सांगा मला स्वच्छता!” ती मागं वळली. “काढा गं मोजे.”

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. आधी जाडीनं मोजा काढला, मग हसरीनं, मग जी कधीच बोलत नसे तिनं. पाचजणींची नखं पिवळी. इतके दिवस प्रत्येक बाई लाजेनं पाय लपवत होती.

“आता सगळ्यांना अंगणात धाडा,” हसरी म्हणाली. “बाटल्या तुम्ही धुवा!”

मुकादम कानामागं खाजवत राहिला. अखेर आठवड्याच्या आत प्रत्येकीला आपापला जोड आला, उलटा टांगून वाळवायला खुंट्या आल्या. मावशी आतच राहिली. माफी तेवढी कुणी मागितली नाही.

नख अजून अर्धंच चांगलं आलंय. त्यावर मुकादमानं परवा विचारलं, “काय मावशी, बरंय ना पायाचं?”

“पायाचं बरंय,” ती म्हणाली. “डोक्यात गेलेली आग उतरायचीय अजून.”