पालथं पडून ऐकलेला समुद्र

"रेटिनल डिटॅचमेंट," डॉक्टरबाई म्हणाल्या. म्हणजे डोळ्याच्या आतला, मागच्या बाजूचा पडदा जागेवरून सुटतो. "उद्या सकाळी ऑपरेशन. मधला भाग अजून चिकटलेला आहे. तोही सुटला तर पूर्वीसारखं दिसेलच असं सांगता येणार नाही." मी विचारलं, शनिवारनंतर केलं तर चालेल का? त्यांनी ऑपरेशनच्या संमतीचा कागद माझ्यापुढे सरकवला.

शनिवारी आर्याबरोबर सिनेमा बघायचा होता. आर्या माझी सात वर्षांची मुलगी. देवमाशाच्या पिल्लाच्या कार्टून सिनेमाचा पहिला भाग आम्ही दोघांनी हॅलिफॅक्सच्या थंडीत सोफ्यावर कितीदा तरी पाहिला होता. मला एका जागी बसवत नाही. मी चहाला उठायचो, फोनला उठायचो, आणि ती दर वेळी पॉज करून थांबायची. आता दुसऱ्या भागाची डीव्हीडी आणून ठेवली होती. एकट्यानं बघायची नाही, असं आमचं ठरलं होतं.

उजव्या डोळ्यापुढे काळे ठिपके आधीपासूनच नाचत होते. कडेला वीज चमकल्यासारखं व्हायचं. मी आपला चष्मा पुसत बसलो. पुण्याहून आईनं फोनवर गुलाबपाण्याच्या पट्ट्या सांगितल्या, त्याही ठेवल्या. तुम्ही असलं काही करत बसू नका. आणि कडेनं पडदा ओढल्यासारखी सावली आली तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

ऑपरेशनचं नाव विट्रेक्टमी. डोळ्यातला जेलीसारखा भाग काढून गॅसचा बुडबुडा भरतात, तो पडदा आतून दाबून धरतो. त्यासाठी माझ्यासारख्याला दिवसरात्र तोंड जमिनीकडे करून राहावं लागतं. दुसऱ्याच दिवशी मी वैतागलो. कार्पेट आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचे मोजे, एवढंच दिसायचं. डोळा गेला तर, या भीतीचा राग बायकोवर निघायचा.

"अरे, किती चुळबुळ करतोस," नीता म्हणायची. "डॉक्टर डोकं वर करायला नको म्हणाल्यात ना? जस्ट स्टे स्टिल."

शेवटी मीच आर्याला म्हटलं, "लाव तो सिनेमा. तू बघ आणि काय चाललंय ते मला सांग."

ती टीव्हीपर्यंत जाऊन परत माझ्याजवळ आली. मग म्हणाली, "ओके, बाबा."

रोज शाळेतून आली की ती थोडा थोडा लावायची, माझ्या शेजारी बसून. "ही इज क्राइंग, बाबा."

"मराठीत सांग."

"पिल्लू रडतंय. आई हरवली त्याची. पाणी खूप डार्क आहे."

ऐकता ऐकता मी चुळबुळ विसरायचो.

पुढच्या तपासणीत डॉक्टरबाई म्हणाल्या, "पडदा चिकटलाय. गॅस हळूहळू जिरेल. तोवर विमानात बसायचं नाही, उंचीवर गॅस फुगतो." मग डोळ्यात वरच्या बाजूला स्वच्छ दिसू लागलं आणि खाली बुडबुड्याची कड पाण्याच्या पातळीसारखी डुचमळायची. ती रोज थोडी उतरायची. मी सारखा एक डोळा झाकून बघायचो.

बुडबुडा पूर्ण गेला तेव्हा आम्ही दोघं सिनेमा लावून सोफ्यावर बसलो. गोष्ट मला माहीतच होती. पण पिल्लू रडतंय असं आर्यानं सांगितलं होतं तिथे ते चक्क घोरत होतं. आई हरवली नव्हतीच, शेजारीच झोपली होती. आणि पाण्यात लख्ख ऊन होतं.

"काय गं," मी तिला चिडवलं, "तू कुठला सिनेमा बघत होतीस?"

टीव्हीवरची नजर न काढता ती म्हणाली, "मी डोळे क्लोज केले होते. आय ओन्ली लिसन्ड. वी सेड टुगेदर, बाबा."

उजव्या डोळ्याला सरळ रेषा अजून जराशी वाकडी दिसते. दिसते, यासाठी मी डॉक्टरबाईंचा जन्माचा ऋणी आहे. त्या दिवशी फोन दोनदा वाजला. सिनेमा संपेपर्यंत मी जागचा उठलो नाही.