आत्याच्या गॅसची बटणं

आमच्या आत्याला ‘झालं का?’ असं विचारायची सोय नव्हती. पातेल्यावर झाकण, खाली गॅस अगदी बारीक, आपल्या पोटात कावळे ओरडतायत, आणि चुकून तोंडातून ‘झालं का’ निघालंच, की ती हातातलं काम सोडून वळून बघायची. “झालं की सांगेन. गाडी चुकतेय का तुझी?” मग आपण मुकाट्यानं बसायचं. तिच्याकडे जेवायला जाणं म्हणजे आधी तासन् तास नुसता वास खाणं.

ही माझ्या वडिलांची बहीण. बडोद्यातच मराठी शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाली. यजमान रेल्वेत, त्यामुळे ती फिरली ते सगळं रेल्वेच्या पासावर, आणि पास काही माणसाला व्हिएतनामला नेत नाही. मग निवृत्तीनंतर तिनं व्हिएतनामच, सुपाच्या पातेल्यातून, बडोद्याच्या वाडी भागातल्या आपल्या स्वयंपाकघरात आणला. तोही शाकाहारी. हाडांच्या जागी कोबीचा दांडा, कांद्याची सालं, वाळवलेले मश्रूम. कांदा आणि आलं थेट जाळावर काळं होईस्तोवर भाजायचं, चक्रीफूल-दालचिनी टाकायची आणि पाणी मंद गॅसवर सोडून द्यायचं. नूडल्स घरच्याच, तांदळाच्या उकडीच्या, सोऱ्यातून पाडलेल्या. “जगात सुपं दोनच,” ती सांगायची, “सार आणि कढण. बाकी नुसती नावं.” ब्रह्मदेशातलं, नारळाच्या दुधाला बेसन लावून केलेलं नूडल्सचं सूप तिनं आम्हाला पहिल्यांदा वाढलं तेव्हा म्हणाली, “खा खा. पिठलंच आहे, पासपोर्ट काढलेलं.”

लग्नाच्या जेवणात मात्र तिला सांभाळावं लागे. तिथलं ते लालभडक घट्ट सूप दिसलं की ती त्यात चमचा उभा करून बघायची. “ही खळ आहे, खळ! उत्तरायणात पतंग चिकटवा हिनं.” हे लग्नघरच्यांच्या तोंडावर. आम्ही लाजेनं अर्धमेले व्हायचो आणि ती शांतपणे वाटी परत ठेवून वरण-भाताकडे वळायची.

खंडेराव मार्केटात तिचं एका भाजीवाल्याशी ठरलेलं भांडण होतं. तिला लागायचा गवती चहा. तिनं “लीली चा आपो” म्हटलं, की तो सवयीनं चहासाठीच समजून पुदिनाही देऊ करायचा, “बेन, चा माटे ने? फुदीनो नाखी दउं?” आत्या भडकायची. “चा नथी करवानी, भाई! सूप करवानुं छे!” तो बिचारा हातातली पात खाली ठेवून विचारायचा, “लीली चानुं सूप?” आणि मग आत्या थायलंड कुठे आहे इथपासून सुरुवात करायची. मागे गिऱ्हाइकं खोळंबलेली. शेवटी त्या भाजीवाल्यानं घरी करून पाहिलं आणि “बेन, सरदी मटी गई” म्हणून, सर्दी पळाल्याच्या आनंदात तिला मिरच्या फुकट दिल्या. तिनं त्या घेतल्या, पण त्यानं नारळाचं दूध घातलं नव्हतं म्हणून पुन्हा रागावली.

थंडीत स्वेटर विकायला येणाऱ्या तिबेटी बायकांकडे ती दुपारभर ठाण मांडून बसे. स्वेटर एकही घेतला नाही. थुक्पा, म्हणजे त्यांचं नूडल्सचं सूप, मात्र शिकून आली, आणि मग डबा भरून त्यांच्याकडेच चाखायला घेऊन गेली. त्यातल्या एकीनं मीठ कमी आहे म्हटलं, ते तिनं मुकाट ऐकून घेतलं. आमच्यापैकी कोणी म्हटलं असतं तर!

मला टायफॉइड झाला तेव्हा येणारा-जाणारा डोक्याशी बसून विचारायचा, कसा झाला, बाहेरचं पाणी प्यालीस का, ताप किती आहे. आत्या आली, तिनं सगळ्यांना बाहेर काढलं आणि माझ्या हातात वाटी दिली. “आजाऱ्याला प्रश्न विचारू नयेत. गरम वाटी द्यावी.” त्या पातळ, आल्याच्या, चार मऊ शेवया तरंगणाऱ्या पाण्यानं मी उठून बसले. हे मी कधी विसरणार नाही.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना माझं डोकं फिरतं, तेव्हा थोडं सांभाळून घ्या.

पातेलं गॅसवर चढवलं की आत्या त्याच्याजवळ थांबत नसे. आंघोळ करायची, पूजा करायची, भाजी आणायची, शेजारी गप्पा मारून यायची. “सूप डोळ्यांदेखत होत नाही. त्याला एकटं सोडावं.” आल्यावर झाकण उघडायची, आणि बरोबर वेळेवर. तिचे यजमान, आमचे काका, गेल्यानंतर तिचा मुलगा हेमंत दुबईची नोकरी सोडून परत आला आणि तिला बडोद्यातच, वासण्याच्या आपल्या फ्लॅटवर घेऊन गेला. चांगलं केलं. पण तो दुबईत असताना सुरू झालेलं आईचं हे पातेलं त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. एक दिवस तो लवकर घरी आला, तर स्वयंपाकघरात कोणी नाही, गॅस चालू, आणि आई खाली भाजीच्या लारीवर कोथिंबीर घेतेय.

आपण सगळी कुकरच्या शिट्ट्यांवर वाढलेली माणसं. तीन शिट्ट्या, गॅस बंद. बारीक गॅस नुसता चालू दिसला की आपल्याला एकच अर्थ कळतो, बाई विसरली. आत्या म्हणाली, “अरे, मुद्दाम ठेवलंय.” तर हा शहाणा म्हणतो, “आई, विसरणारे असंच म्हणतात.” आणि त्यानं शेगडीची बटणं उपसून स्वतःच्या कपाटात ठेवली! सूनबाईंनी स्वयंपाकापुरती लावायची, पुन्हा काढून ठेवायची. सगळं जग शिजवणाऱ्या बाईला दूध तापवायची चोरी!

मी वासण्याला जाऊन कडाकडा भांडले. “अरे, ती विसरली नव्हती! सूप उकळत होतं!”

“ताई, उद्या आग लागली तर विझवायला तू येणार आहेस? ती चष्मासुद्धा विसरते.”

“चष्मा मीसुद्धा विसरते. काढ माझ्याही शेगडीची बटणं!”

तो हसला. त्या हसण्यावर मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. नातेवाइकांत त्यानं सांगून ठेवलं, आईचं आता जरा असंच चालायचं. झालं, लगेच सगळे तिच्याशी मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून बोलायला लागले, लहान मुलाशी बोलावं तसं. पहिले काही महिने ती खवळली. समोर आलेली मऊ खिचडी तिनं सरकवून दिली, भांडी आपटली. तर तेही लक्षणच ठरलं. चिडचिड वाढलीय म्हणे! अहो, तुमच्या हातातलं काम काढून घेतलं तर तुम्ही काय भजन म्हणाल?

उत्तरायणाला मी तिला हट्टानं माझ्या घरी आणलं. कांदा, आलं, चक्रीफूल, सगळं मांडून ठेवलं. “आत्या, कर.” हात अगदी पूर्वीसारखे चालले. कांदा काळा झाला, घर त्या वासानं भरलं. पातेलं चढलं आणि मी म्हटलं, “चल, गच्चीवर पतंग बघू.” ती हलेना. तिनं स्टूल ओढलं आणि गॅससमोर बसली, नजर जाळावर.

“तू जा. मला इथंच बसू दे. मी विसरते ना.”

“तू विसरत नाहीस आत्या!” मी ओरडलेच.

“विसरते गं,” ती समजावल्यासारखं म्हणाली. “हेमंत कशाला खोटं बोलेल?”

आणि पाण्याला अजून रंगही चढला नव्हता, तोवर तिनं उठून गॅस बंद केला. बटण हातानं दाबून, पुन्हा दाबून पाहिलं. ते पांचट पाणी आम्ही दोघी प्यालो. त्यानंतर मी कितीदा बोलावलं, ती आली, पण शेगडीजवळ गेली नाही. पुढच्या थंडीत ती गेली.

लोक मला म्हणतात, जाऊ दे आता, मुलगाच तो, काळजीपोटीच केलं त्यानं. असेल. म्हणून मी राग सोडू? घरात चोर शिरून ती बटणं घेऊन गेला असता ना, तर आत्यानं त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या, दुसऱ्या दिवशी बाजारातून नवी बटणं आणली असती आणि कांदा भाजायला घेतला असता. पोटच्या पोरानं नेली, म्हणून आपण विसरतो हे तिला खरं वाटलं.