पहिलीसाठी तापवलेलं पाणी

फोन सायलीचा होता. "आत्या, दादा गेले. येताना पांढरं कापड आण, इथलं दुकान आज बंद आहे." एवढंच. मीही आधी पिशवी भरली, साताऱ्याहून पलूसकडे निघाले आणि कराड मागे पडल्यावर मग... असो.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, सायलीचे वडील. लष्करातून सुभेदार होऊन परतला, ऊस लावला आणि एकुलत्या मुलीला सायकलपटू करायचं ठरवलं. वहिनी लवकर गेल्या होत्या, त्यामुळे त्याला अडवणारं घरात कोणी नव्हतं. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहायचं असतं, पण दादाला कोणी खोटं कौतुक केलेलं खपत नसे.

सायक्लोक्रॉसची शर्यत रस्त्यावर होत नाही. शेत, बांध, चिखल. चालवता येत नाही तिथं सायकल खांद्यावर टाकून पळायचं. पण आपल्याकडे ऐन थंडीत चिखल कुठला? निवड शर्यतीच्या संयोजकांनी जागा मागितली तेव्हा दादानं मोकळं रान दिलं, आणि उपसा योजनेच्या पाण्याची आपली पाळी उभ्या उसाला न देता त्या रानात सोडली. काळ्या मातीत घोटे बुडतील एवढा चिखल झाला. मधल्या पाटापाशी सायलीला उभं करून म्हणाला, "हितं तू सायकलीवर न्हाई, सायकल तुझ्यावर बसणार." पहिली येणारी राज्याच्या संघात जाणार होती. जागा एकच. सायलीनं त्यासाठी कॉलेजचं वर्ष सोडलं होतं.

शर्यतीच्या सकाळी नंबर, टॉवेल, चहा माझ्याकडे होतं. धुकं रानात उतरलेलं. शेवटच्या फेरीपर्यंत सायली पुढे होती. पाटात घसरली आणि कमरेपर्यंत गार पाण्यात गेली. चेनमध्ये चिखल, सायकल जड, बोटं बधिर. दादा बांधावर, हात पुरेल एवढ्या अंतरावर उभा.

"दादा, बोटं वळत न्हाईत. नुसता हात द्या."

दादानं दोन्ही हात पाठीमागे बांधले. "हात लावला की तू बाद. रड, पण उचल."

"आरं, लेक हाय तुझी," मी ओरडले.

"म्हणूनच न्हाई."

तिनं रडत उचलली. तोवर दुष्काळी माण तालुक्यातली एक मुलगी शेजारून सायकल खांद्यावर घेऊन निघून गेली होती. सायली दुसरी आली.

घरामागे बंब सकाळपासून पेटवलेला होता. निळ्या ओठांनी सायली तिथं पोचली, तर दादा माणच्या मुलीपुढे बादली ठेवत होता. सायलीकडे न बघता म्हणाला, "पाणी पहिलीसाठी तापवलंय." ती पोरगीच कळवळली. "आवं, तिला द्या की! आमच्याकडं प्यायला टँकर लागतोय, तुमी तर पाण्याचा चिखल केलाय. मला गार चालंल."

"ठरलं म्हंजी ठरलं," दादा म्हणाला. सायलीनं गार पाण्याचा नळ सोडला. त्या दिवसानंतर ती सायकलवर बसली नाही. सांगलीत नोकरीला लागली.

गेल्या वर्षी दादाला अर्धांगवायू झाला. सायली नोकरी सोडून परत आली. औषधं, पथ्य, चादरी... दुसऱ्याचं काम मला सहसा पसंत पडत नाही, पण तिच्या कामात बोट ठेवायला जागा नव्हती. दादानं स्वतः उठायची सवय ठेवावी, असं डॉक्टर म्हणाले होते. आमच्या शेवटच्या भेटीत तो खाटेच्या कडेला बसून हात पुढे करत होता. "सायले, हात दे गं."

ती हातभर अंतरावर उभी राहिली, हात पाठीमागे बांधून. "हात लावला की तुम्ही बाद. रडा, पण उठा."

मी पुढे झाले, तर तिनं माझ्याकडे नुसतं बघितलं. दादा रडला... आणि उठला. उभा राहून तिच्याकडे बघत हसायला गेला, तर तोंडाची एकच बाजू हलली. सायली हसली नाही.

दादाचे दिवस झाल्यावर परवा पुन्हा गेले होते. थंडी कडाक्याची. तिनं बंब पेटवला, माझी बादली भरून दिली आणि स्वतःची घेऊन नळाकडे वळली.

"अगं, बंब भरलेला आहे. आता कोण बघतंय?"

"मी कुठं पहिली आले, आत्या?" ती म्हणाली, आणि नळ सोडला.