कविताचा पिवळा कप

कविताने कप माझ्यापुढे धरला आणि रडायलाच लागली.

"मॅडम, लई पानी पिलेय. पोट डबडब वाजतंय. तरी सर म्हनत्यात मी खोटं बोलती."

मिरजगावला मुलींचा कबड्डी कॅम्प होता. मी तिथे फिजिओ. मुलींचे गुडघे, घोटे आणि रुसवेफुगवे बघणं हे माझं काम. बाथरूमबाहेर कोच गर्जे सरांनी रंगांचा तक्ता चिकटवला होता. सकाळी उठलं की लघवीचा कप त्या तक्त्याला लावायचा. फिकट रंग म्हणजे अंगात पाणी पुरेसं. गडद पिवळा म्हणजे पाणी कमी. गडदवालीने त्या दिवशी खेळायचं नाही, बादली घेऊन बाकीच्यांना पाणी वाढायचं. नियम चांगला होता. त्याने मुली खरंच पाणी प्यायला लागल्या होत्या.

पण आज संध्याकाळच्या मॅचवरून जिल्ह्याचा संघ निवडायचा होता. आणि जामखेडकडून आलेली कविता, आमची सगळ्यात चपळ रेडर, तिच्या हातात बादली आली होती.

मी कप उजेडात धरला. पाणी कमी पडलं की रंग चहाकडे झुकतो. हा तर मुलं पुस्तकात ओळी रंगवतात त्या पेनासारखा झगझगीत होता. मला शंका आली. मी बॅगेतून रिफ्रॅक्टोमीटर काढला. नाव भारी, वस्तू साधी. त्यावर एक थेंब टाकायचा आणि उजेडाकडे धरून बघायचं. लघवीत क्षार वगैरे किती विरघळलेत ते आकड्यात कळतं. पाणी कमी प्यालं की आकडा वर चढतो. कविताचा आकडा अगदी तळाशी होता. पोरगी पाण्याने काठोकाठ भरली होती.

"आधी पाणी बंद कर," मी म्हटलं. "अति पाण्यानेही अंगातलं मीठ उतरतं. आणि गोळी कसली चालू आहे का?"

"तोंड आलंय ना, म्हनून बी-कॉम्प्लेक्स."

"कुणी दिली?"

तिने मान खाली घातली. "सरांनीच."

गर्जे सर मागेच उभे होते. "मॅडम, ती ताकदीची गोळी. तिचा लघवीशी काय संबंध?"

"सर, त्यातलं एक जीवनसत्त्व मुळातच पिवळं असतं. शरीर लागेल तेवढं ठेवतं, उरलेलं बाहेर सोडतं. रंग गोळीचा आहे. आकडा बघा, तो खोटं बोलत नाही."

सरांनी डोळा लावला, तो आधी चुकीच्या बाजूने. मग म्हणाले, "मला यातलं काही कळत न्हाई. आना ती गोळी. मी घेतो एक. पानी मी भरपूर पितो ते सगळ्या कॅम्पला ठाऊक हाय."

"आणि पिवळी झाली तर?"

"तर बादली माझी," म्हणत सरांनी गोळी गिळली.

मुलींनी हे ऐकलं आणि त्या दिवशीच्या सरावात कुणाचंच लक्ष राहिलं नाही. सर पाण्याच्या टाकीकडे वळले तरी सगळ्या माना तिकडे वळायच्या. जेवणानंतर सर बाथरूममध्ये गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले ते हात पुसत, तक्त्याकडे न बघता, सरळ कवितापाशी.

"कविता, तू खरं बोलत हुतीस. माझंच चुकलं."

"सर, फिकट का गडद?" कुणीतरी मागून विचारलं.

"गप बसा," सर म्हणाले. पण हसू त्यांना आवरलं नाही.

मलाही फार बरं वाटलं. चूक अशी उघड कबूल करणारे कोच मी फार पाहिलेले नाहीत.

कविता खेळली आणि संघात आली. तक्ता अजून आहे. फक्त कप लावण्याआधी गोळीची चौकशी होते. रंग बघून माणसाला खोटं ठरवण्याआधी त्याच्या पोटात काय गेलंय ते विचारावं, विशेषतः ते आपणच दिलेलं असेल तर.

त्या संध्याकाळच्या मॅचच्या मध्यंतराला कविता घामाघूम होऊन कडेला आली आणि तिने हात पुढे केला.

"सर, पानी."

गर्जे सरांनी बादली खाली ठेवली आणि ग्लास भरून दिला.