या मग भरीत खायला

आमच्याकडे भांडण संपवायची एक रीत आहे. भांडण बांधाचं असो, लग्नातल्या मानपानाचं असो नाहीतर निवडणुकीचं, दोघांचेही घसे बसले की त्यातला एक जण म्हणतो, "जाऊ द्या, या मग भरीत खायला." समोरचा म्हणतो, "येतो ना." बहुतेक वेळा कोणी येत नाही. पण बोलणं गोडीत संपतं आणि उद्या रस्त्यात भेट झाली तर मान फिरवावी लागत नाही. खानदेशातल्या कुठल्याही माणसासारखं मीही हे वाक्य कितीदा म्हटलं असेल. एकदा ते फेसबुकवर लिहिलं.

मी धुळ्याला देवपुरात मुलींचं वसतिगृह चालवते. सकाळी दिवसाची यादी करायची आणि त्यातलं काही उद्यावर ढकलायचं नाही, अशी माझी पद्धत. वादही मी तसाच घालते. जिल्ह्यातल्या प्रश्नांवर चर्चा करणारा एक मोठा ग्रुप आहे. त्यातल्या एकालाही मी प्रत्यक्ष ओळखत नाही. दुपारी मुली कॉलेजात गेल्या आणि स्वयंपाकघर आवरलं की तेवढा तास माझा. नळाला मीटर असावं का, निवडणुकीच्या तोंडावर जाहीर होणाऱ्या योजना म्हणजे मदत की लाच, मत देणं हे कर्तव्य की व्यवहार, असल्या विषयांवर मी मुद्द्यांना आकडे घालून लिहायचे. प्रत्येक मुद्द्याखाली एक उदाहरण. तेही डोळ्यांनी पाहिलेलं. ऐकीव काही लिहायचं नाही, हा माझा नियम. लोक शिव्या द्यायचे, मी पुढचा आकडा घालायचे.

डोळ्यांनी पाहिलेलं म्हटलं की बहुतेकदा माझे वडीलच त्यात यायचे. शिंदखेड्याच्या पुढे आमचं गाव. आई गेल्यापासून आबा तिथे एकटेच राहतात. पाण्यावर लिहिताना मी लिहिलं की शिंदखेड्याच्या पुढच्या आमच्या गावात माझ्या वडिलांचं घर गल्लीत शेवटचं, नळाची लाइन तिथवर पोचलीच नाही, ते या वयात समोरच्या हातपंपावरून पाणी आणतात. विजेवर लिहिलं की शेतीची लाइट दिवसा आली की सगळी गल्ली शेतात जाते, मागे म्हातारी माणसं तेवढी राहतात. सरकारी शिबिरावर लिहिलं की वडिलांना मिळालेलं कानाचं यंत्र उजव्या कानाला बसत नाही, डाव्या कानानं जेवढं ऐकू येतं तेवढंच. सगळं खरं होतं आणि सगळं मुद्द्याला धरून होतं.

त्या ग्रुपमध्ये एक जण होता. चेहऱ्याऐवजी त्याने विहिरीचा फोटो लावलेला. काठावरून खाली वाकून काढलेला, तळाशी काळं पाणी. तो कधी शिवी द्यायचा नाही. "ताई, तिसरा मुद्दा पटला, पहिला नाही," असं लिहायचा. खरं सांगायचं तर दुपारी ग्रुप उघडला की मी आधी विहीर शोधायचे. इतक्या गोंगाटात एक माणूस आपलं नीट वाचतो याचं अप्रूप असतं.

महापालिकेची निवडणूक लागली आणि ग्रुपचा सूर बदलला. मी एका पाइपलाइनवर लिहिलं. दर निवडणुकीला तिचा नारळ फुटतो, पाणी काही येत नाही, एवढाच सरळ मुद्दा होता. त्याखाली भांडण पेटलं. विहीरवाला बऱ्याच वेळाने आला.

"ताई, मत माणसापासून वेगळं काढता येतं असं वाटतं तुम्हाला?"

"वाटतं," मी लिहिलं. "चूक असेल तर चूक दाखवा. कोण बोललं याच्याशी काय करायचंय?"

"मला नाही वाटत. प्रत्येक मत कुठल्यातरी घरात राहतं. त्या घराला दार असतं."

मला वाटलं, याला आज कविता सुचतेय. मी त्यालाही आकडे घालून उत्तर दिलं. मग स्वयंपाकाच्या बाया आल्या, मला उठायचं होतं, म्हणून शेवटी लिहिलं, "दमले आता. या मग भरीत खायला."

लगेच उत्तर आलं. "नक्की येतो. आबांच्या हातचं ना?"

मी ग्रुपमध्ये नेहमी 'वडील' असं लिहायचे. 'आबा' लिहिल्याचं मला आठवेना. पण आमच्याकडे निम्म्या म्हाताऱ्यांना आबाच म्हणतात. मी स्वतःची तशी समजूत घातली आणि पालकाची भाजी निवडायला बसले.

त्याच आठवड्यात आबांचा फोन आला. आवाज एकदम खूश.

"तुना दोस्त उना व्हता."

"कोणता दोस्त, आबा?"

"तूच सांगं ना त्याले, भरीत खावाले ये म्हनीसन."

मी हातातला डबा खाली ठेवला. "त्याचं नाव काय?"

"नाव नही इचारं. घर उनेल माणूसले आगोदर नाव इचारतस का जेवाले वाढतस?"

आबांनी दारातली वांगी तोडली होती, कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजली होती, शेजारून कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकर मागून आणली होती. पाहुणा खाली मान घालून पोटभर जेवला. बाजेवर बसून त्याने गल्लीची, पंपाची, लाइटीची चौकशी केली, सगळं आधीच ठाऊक असल्यासारखी. "बठ्ठं माहीत शे त्याले," आबा कौतुकाने म्हणाले. "डावा कानम्हाच बोले तो. त्याले सांगनं नही पडं."

"आणखी काय म्हणाला?"

"पोर भारी तिखं लिखस म्हने. तिले सांगा, जपीसन ऱ्हाय." आबा हसले. "मी सांगं, ती तिनी मायवर गयी. जातांना डबाभर भरीत दिधं त्याले."

तो डबा आईचा. झाकणावर तिचं नाव कोरलेलं, खाली गावाचं.

त्या दुपारी माझ्या पाइपलाइनच्या पोस्टखाली फोटो आला. ताटात भरीत, भाकर, चिरलेला कांदा आणि मागे बाजेवर आबांची पावलं. वर लिहिलेलं, "ताईंच्या मुद्द्यांपेक्षा आबांचं भरीत झणझणीत." लोकांनी हसण्याच्या खुणा टाकल्या. एकाने विचारलं, "ताई, आमचा नंबर कधी?" दुसऱ्याने विचारलं, "गाव कोणतं हे?" त्याला विहिरीने उत्तर दिलं होतं, "इनबॉक्समध्ये सांगतो."

मी कामाला लागले. आधी माझं प्रोफाइल खाजगी केलं. मग आबांच्या शेजारणीला फोन करून लक्ष ठेवायला सांगितलं. मग पोलीस ठाण्यात गेले. हवालदार माझ्याच वयाचा होता, त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"धमकी दिली?"

"नाही. जपून राहायला सांगितलं."

"काही नेलं?"

"डबा नेला. म्हणजे आबांनीच दिला."

"ताई, तुम्हीच जेवायला बोलावलं, तो येऊन जेवला. मी यात लिहू काय?" मग वातावरण हलकं करायला म्हणाला, "आम्हालाही बोलवा कधी भरीत खायला." वाक्य तोंडातून गेलं आणि त्याने घाईने समोरची वही मिटली. मीही उठले.

दुसऱ्या दिवशी गावी गेले. आबांना म्हटलं, निवडणूक होईस्तोवर देवपूरला चला. ते नाही म्हणाले. म्हटलं, निदान दुपारी आतून कडी लावत जा.

"दार लायीसन बसू?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं लहानपणी मी खोटं बोलले की पाहायचे. "मी काय चोर शे?"

"आबा, तो कोण हे आपल्याला माहीत नाही."

"त्याले तं आपलं बठ्ठं माहीत शे ना? मंग परका कसा?"

संध्याकाळच्या बसने मी एकटीच निघाले.

परत आले तोवर विहिरीचं खातं बंद झालेलं. त्याने लिहिलेलं सगळं नाहीसं झालं, भरताचा फोटोही. माझी उत्तरं मात्र जागच्या जागी होती. एक, दोन, तीन. वर प्रश्न नाही, खाली कोणी नाही. नव्याने वाचणाऱ्याला वाटलं असतं, ही बाई एकटीच बडबडते आहे. मी ते सगळं सुरुवातीपासून वाचलं, त्याच्या जागी बसून. शिंदखेड्याच्या पुढचं गाव. गल्लीतलं शेवटचं घर. समोर पंप. दिवसा गल्ली रिकामी. डावा कान. मी त्याला बोलावण्याआधीच रस्ता सांगून ठेवला होता.

मतदानाच्या दिवशी मत देऊन वसतिगृहात आले तर फाटकावर वॉचमनकाका हातात पिशवी घेऊन उभे.

"ताई, एक जण देऊन गेला. म्हणाला, आबांचा डबा आहे."

आईचं नाव कोरलेला डबा. घासून, पुसून कोरडा केलेला. आत केळीचे वेफर्स, जळगावकडे मिळतात तसे पिवळेधमक. रीतीप्रमाणे भांडं भरून परत आलं होतं. वसतिगृहाबद्दल मी ग्रुपमध्ये एक अक्षर लिहिलं नव्हतं. आबांनी सांगितलं असेल. नसेलही.

"कसा होता दिसायला?"

काकांनी आठवून पाहिलं. "चांगला होता. नमस्कार केला मला. आपल्यासारखाच, ताई."

वेफर्स मी टाकून दिले. अन्न टाकायला हात धजत नव्हता, तरी टाकले. आबांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "दख, मी सांगेल व्हतं ना? भला माणूस शे. रिकामा नही धाडा." पुढे म्हणाले, "आते तुनी पाळी."

निवडणूक होऊन गेली. पाइपलाइन आहे तिथेच आहे. ग्रुपवर मी अजून जाते. दुसऱ्यांचं वाचते. मुद्दे सुचतात, पण त्यांच्या खाली लिहायचं उदाहरण हातातच राहतं आणि उदाहरणाशिवाय माझ्या मुद्द्यात जीव नसतो. लिहिलेलं पुसून टाकते.

रविवारी मात्र मी गावी असते. यादीत ते आता पहिलं काम. परवा आबांनी दारात काड्या पेटवल्या आणि वांगी मांडली. आम्ही दोघं. वांगी तीन.

"तिसरं कसाले, आबा?"

त्यांनी जाळ सारखा केला. दार सताड उघडं होतं आणि गल्ली सगळी शेतात गेलेली. पंपाच्या पलीकडे रस्ता वळतो तिथवर स्पष्ट दिसत होतं.

"कोनी उनं तं?" आबा म्हणाले.

मी माझा पाट उचलला आणि रस्त्याकडे तोंड करून बसले.