पितळी कन्सल्टंट

‘सॉरी’ या शब्दाचा आमच्या हिच्या मामांइतका तिटकारा करणारा माणूस साऱ्या इंग्लंडात सापडायचा नाही. ज्या देशात माणसं खांबाला धडकली तरी खांबाला सॉरी म्हणतात, तिथे उभा जन्म काढून मामांनी हा शब्द ना कधी स्वतः वापरला, ना दुसऱ्याचा मुकाट्यानं घेतला. मँचेस्टरच्या ट्राममध्ये कुणाचा पाय त्यांच्या पायावर पडला आणि त्यानं सवयीनं सॉरी म्हटलं, की मामा चष्म्यावरून त्याच्याकडे बघत विचारणार, “अँड?” तो बिचारा गडबडून पुन्हा सॉरी म्हणतो. मामा म्हणतात, “येस, अँड?” एकदा एका तरुण मुलीनं घाबरून आपली जागाच त्यांना देऊन टाकली, तेव्हा मामा प्रसन्न झाले. “बघा जावईबापू, याला म्हणतात सॉरी,” असं मला सांगून ते ऐसपैस बसले आणि मी उतरेपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिलो.

यावर त्यांचं एक शास्त्रच आहे आणि ते जेवताना ऐकावं लागतं. “मराठीत माफी मागतात,” आमटी भुरकत ते सांगतात. “मागणाऱ्याचा हात खाली असतो. द्यायची की नाही, ते ज्याचं नुकसान झालं त्यानं ठरवायचं. आणि हे लोक? दे ऑफर ॲन अपॉलॉजी! चूक यांची आणि वर देणारेही हेच! माफी मागायची असते हो, लग्नातल्या लाडवांसारखी वाटायची नसते.” आवाज चढला की शेजारीण भिंत ठोकते. मामाही उलट ठोकतात. कोथिंबिरीत दोन काड्या पिवळ्या निघाल्या तर जुडी घेऊन भर थंडीत दुकानात परत जाणार. पैसे परत दिले तर घेणार नाहीत, कारण त्यांना कोथिंबीर हवी असते. बँकेतल्या पोरानं आडनावाचा चुथडा केला, तर रांग खोळंबली तरी चालेल, पण त्याच्याकडून ते नीट वदवून घेतल्याशिवाय हलणार नाहीत. ही म्हणते, मामांच्या नाकावर रागानं बिऱ्हाडच थाटलंय.

लोक त्यांना हसतात. हसावं जरूर, पण तो राग आला कुठून तेही ऐकून घ्यावं. मामा पुण्याहून इथे हृदयरोगतज्ज्ञ व्हायला आले होते. त्या काळी म्हाताऱ्यांच्या वॉर्डात काम करायला गोरे डॉक्टर तयार नसत, म्हणून तो वॉर्ड आपल्या लोकांच्या गळ्यात मारला जाई. मामांनी तो गळ्यात पडलेला विभाग जीव लावून उभा केला. कन्सल्टंटची, म्हणजे विभागाच्या मुख्य डॉक्टरची, जागा निघाली की मात्र मुलाखतीत हसतमुखानं सांगितलं जाई, “नॉट क्वाइट द राइट फिट.” ज्या पोराला मामांनी हाताला धरून शिकवलं, तो गोरा पोरगा कन्सल्टंट झाला आणि सुट्टीवर जाताना विभाग मामांवर सोपवून जाऊ लागला. मामा असोसिएट स्पेशालिस्ट म्हणूनच निवृत्त झाले. म्हणजे काम तेच, पगार कमी आणि पेन्शनही त्याच मापानं. त्या पोरानं घर घेतलं, पुढे आपल्या मुलांना घरं घेऊन दिली. मामांची मुलगी अंजू पन्नाशीला टेकली, शाळेत शिकवते, अजून भाड्यानं राहते, आणि मालकाला घर विकायचं असल्यामुळे तिला ते सोडावं लागणार होतं. याला नशीब म्हणणाऱ्यांचा मला संताप येतो. नशीब कसलं? मुलाखत घेणारी हाडामांसाची माणसं होती, त्यांना नावं होती, आणि ती सगळी सुखानं म्हातारी झाली. त्यातली काही तर मामांच्याच वॉर्डात, मामांच्याच हातची औषधं घेत.

गेल्या वर्षी त्या हॉस्पिटलला जाग आली. परदेशातून आलेल्या डॉक्टरांवर अन्याय झाला, सबब त्यांचे फोटो भिंतीवर लावायचे, खाली पितळी पाट्या, आणि वर समोसे. मामांची मागणी वेगळीच होती आणि ती कधीचीच तिथे पडून होती. आम्ही कन्सल्टंटचं काम केलं हे मान्य करा, आणि पेन्शनमधला फरक द्या. तेवढ्यातून अंजूला स्वतःचं घर घ्यायला लागणारं डिपॉझिट निघालं असतं. त्यावर दरवेळी एकच उत्तर यायचं, “वुई आर लुकिंग इन्टू इट.”

समारंभाला आम्ही आमच्या बेसिंगस्टोकहून मँचेस्टरपर्यंत गाडी हाकत गेलो. पडदा सरकला आणि बघतो तर मामांच्या नावाखाली ठसठशीत अक्षरांत कोरलेलं, कन्सल्टंट! पाट्या करून घेणाऱ्या मुलीनं जुन्या नर्सेसना विचारलं होतं की हा विभाग कोण चालवायचं. सगळ्यांनी मामांचं नाव सांगितलं. मग तिनं साहजिकच कन्सल्टंट लिहिलं. त्या बिचारीला दुसरं काही सुचलंच नाही.

मामा चष्मा सरसावून पाटीच्या अगदी जवळ गेले. अंजू त्यांच्या कानाशी आपल्या विलायती मराठीत कुजबुजली, “बाबा, प्लीज, आज काही बोलू नका. किती छान दिसते नाव. माझा घर मी बघेन, ऑनेस्टली.” एवढ्यात हॉस्पिटलच्या मुख्य बाई पुढे आल्या आणि “वुई आर ट्रूली सॉरी” म्हणत त्यांनी हात पुढे केला. मामांनी तो हात हातात घेतला आणि सोडलाच नाही.

“यू हॅव रिटन कन्सल्टंट,” ते म्हणाले. “व्हेरी गुड. नाऊ पे मी लाइक वन.”

सगळ्यांचे समोसे हातातच राहिले. बाई हसू गोठवून उभ्या. मला तर तिथेच टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पितळ उघडं पडलं म्हणतात ते असं, आणि तेही त्यांनी स्वतःच घासूनपुसून भिंतीवर लावलेलं!

पुढचं सांगताना आजही माझं डोकं फिरतं. पेन्शनच्या मागणीचा वर्षानुवर्षं अभ्यास करणाऱ्या त्या हॉस्पिटलनं पाटी मात्र त्याच आठवड्यात बदलली. नवी पाटी आली, असोसिएट स्पेशालिस्ट. झाल्या चुकीबद्दल फोनवर दिलगिरीही आली. म्हणजे चूक दुरुस्त करायला यांना वेळ लागतो असं नाही. चूक कोणती म्हणायची, एवढंच यांचं ठरलेलं असतं. पेन्शनचा निकालही लवकरच लागला. प्रकरण फार जुनं झालं म्हणे. अहो, जुनं कुणी केलं?

परवा अंजूचं सामान हलवायला गेलो. ट्राम संपते त्याच्याही पलीकडे तिनं दोन खोल्या घेतल्यात, पुन्हा भाड्याच्याच. ती भांड्यांची खोकी आत नेत होती आणि मामा बाहेर पायरीवर बसले होते. आता तोफ सुटणार म्हणून मी तयारीत होतो. पण ते इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, “जावईबापू, त्या दिवशी पाटीचा फोटो काढला होतात का हो? पहिल्या पाटीचा?”

मी फोन काढून दिला. मामांनी दोन बोटांनी तो फोटो मोठा केला, अजून मोठा केला, इतका की शेवटी पडद्यावर तो एकच शब्द उरला.

“अंजूला सांगू नका,” ते म्हणाले, आणि फोन बराच वेळ परत दिला नाही.